तिसरं शिफारसपत्र

मेसेज सात चाळीसला आला आणि आठ वाजायच्या आत हिवराळ्यांच्या घरात दोन पक्ष पडले.

मेसेज शैला मॅडमचा होता. अमृतानं तो बैठकीत उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. "अमृता, तब्येतीमुळे पत्र लिहायला जमलं नाही. शिवाय तू ते वाचण्याचा हक्क राखून ठेवला आहेस. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने माझ्यावर असा अविश्वास दाखवला नाही. हक्क सोडून नवीन लिंक पाठवलीस तर बघते." खाली ना आशीर्वाद, ना मॅडमचं नेहमीचं फूल.

अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाची मुदत तिकडच्या शनिवारी मध्यरात्री संपत होती. म्हणजे इकडे आज, रविवारी सकाळी साडेदहाला. इंग्रजी आणि सर्जनशील लेखनाच्या त्या अभ्यासक्रमाला वर्षाला सहाच जण घेत आणि त्या सहांचा सगळा खर्च विद्यापीठच उचलत असे. हिवराळ्यांच्या दृष्टीनं अमेरिकेत विद्यापीठ एवढं एकच होतं. अर्ज गेला होता, अमृताच्या दोन कथा गेल्या होत्या, तीनपैकी दोन शिफारसपत्रं पोचली होती. एक शेंद्र्याच्या कारखान्यातल्या ट्रेनिंग ऑफिसरचं. तिथं अमृता अडीच वर्षं मशीनवर लावायच्या सूचना इंग्रजीत लिहीत होती. दुसरं तिच्या कथा छापणाऱ्या मासिकाच्या संपादकाचं. तिसरं एम.ए.ला शिकवलेल्या शैला मॅडमचं यायचं होतं, लिंक उघडून त्यांनी ते परस्पर विद्यापीठाला पाठवायचं होतं. तिसरं नाही तर अर्ज अपूर्ण, आणि अपूर्ण अर्ज उघडूनही बघितला जाणार नाही, हे विद्यापीठानं ठळक अक्षरांत सांगून ठेवलं होतं.

"दे सोडून हक्क," अमृताचा बाप राजकुमार म्हणाला. अर्धी दाढी झाली होती, उरलेल्या अर्ध्या गालावर फेस वाळत चालला होता. "जुनी लिंक कॅन्सल, नवी पाठव. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिन्टाचं व्हय?" त्याचे वडील मोतीराम खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाले. वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. "मंग महिन्यामागं समद्यांनी बसून पाऊण तास वाचला तो कागद कशापाई वाचला?"

तो कागद मोतीरामच्याच नियमानं वाचला गेला होता. पन्नास वर्षांपूर्वी एका कॉलेजात रोजंदारीवर शिपाई असताना मोतीरामनं साहेबानं पुढं केलेल्या कागदावर अंगठा उठवला. महिन्यानं कळलं, कागदावर लिहिलं होतं की मी आपल्या मर्जीनं काम सोडतो आहे. त्या वर्षी तिशीतला मोतीराम प्रौढांच्या वर्गाला जाऊन बाराखडी शिकला, पुढं पाणीपुरवठ्यात वॉल्व्हमन झाला आणि घरात कायदा केला. ज्या कागदावर घरातल्या कुणाची सही होणार, तो कागद आधी बैठकीत मोठ्यानं वाचायचा, सगळ्यांसमोर, शेवटच्या ओळीपर्यंत. मुलगी सरिताच्या लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म असाच वाचला गेला, तेव्हा नवरामुलगा घामाघूम झाला होता. सून तनुजाच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी राजकुमारनं संमतिपत्राची चारही पानं कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं वाचली आणि भूल देणारे डॉक्टर भिंतीला टेकून ऐकत उभे राहिले.

अमेरिकेचा अर्जही तसाच वाचला गेला. अमृता इंग्रजीतून वाचायची आणि मराठीत सांगायची. मार्कशीटवर शहराचं नाव एक आणि आधारवर दुसरं, यात वीस मिनिटं गेली. मग ती ओळ आली. शिफारसपत्र पुढे कधीही वाचण्याचा माझा हक्क मी सोडत आहे, किंवा सोडत नाही. दोन गोल होते, एकावर खूण करायची होती. मोतीरामनी विचारलं, "हक्क सोडतीस का, असं इचारलंय? सरळ इचारलंय?" अमृता हो म्हणाली. "मंग सरळ सांग, नाय सोडत." त्यावर घरात कुणी ब्र काढला नव्हता. सगळे अर्जदार तो हक्क सोडतात, सोडला नाही तर पत्र लिहिणाऱ्याला राग येतो, हे अमृतानं कुठंतरी वाचलं होतं. तरी तिनं छाती पुढं काढून दुसऱ्या गोलावर खूण केली होती. तिला ते आवडलंही होतं.

"तेव्हा सगळे हो म्हणालो," राजकुमार म्हणाला. "आता अडलंय. अडला हरी म्हणतात तसं करायचं आणि काम काढून घ्यायचं."

"गाढवाचे पाय धरायचे. म्हण पुरी कर की."

सरिता सकाळच्या बसनं शेंद्र्याहून आली होती. शाळेची मुख्याध्यापिका, भाचीचा अर्ज आज पुरा होणार म्हणून पिशवीभर हुरडा घेऊन आलेली. पिशवी अजून तिच्या मांडीवरच होती. "बाबा, दादा म्हणतो ते बरोबर आहे. पोरीचं काम झालं पाहिजे. मोठी माणसं असतात थोडी फुगणारी. सांभाळून घ्यावं लागतं."

"तूबी लिव्हतीस ना तुझ्या मास्तरांचे रिपोर्ट?" मोतीराम तिच्याकडं वळले. "दावतीस का त्यांला?"

"आता दाखवावे लागतात. आधी नव्हते दाखवत."

"मंग दावायला लागल्यापासून काय फरक पडला, खरं सांग."

सरिताला हा प्रश्न आवडला नाही. वडिलांचे प्रश्न तिला लहानपणापासून आवडत नसत. उत्तर देऊन होईपर्यंत आपली बाजू बदललेली असायची. तिला देशमाने सर आठवले. सतत उशिरा येत, तेव्हा एका मार्चमध्ये डोकं दुखत असताना तिनं त्यांच्या अहवालात 'बेजबाबदार' लिहून टाकलं होतं. पुढं कधीतरी कळलं, त्यांची बायको डायलिसिसवर होती. तो शब्द अजून फायलीत होता.

"रागात एखादी ओळ लिहून टाकायचे," ती म्हणाली. "आता लिहिताना त्या माणसाचं तोंड समोर येतं. मग जे सिद्ध करता येईल तेवढंच लिहिते."

"मंग?"

"मग काय," सरितानं हुरड्याची पिशवी खाली ठेवली. "दादा, बाबा म्हणतात ते खोटं नाही. हक्क नको सोडू देऊस."

"वा रे वा!" राजकुमारनं टॉवेल खांद्यावरून ओढून काढला. "पाच मिनिटांत पलटली. अगं, मला शिकवताय का गोपनीय काय असतं ते? मला?"

राजकुमारचा गोपनीय अहवाल हा त्या घरातला विषय होता, पण त्याच्यासमोर तो काढायचा नाही असा संकेत होता. आज त्यानं स्वतःच काढला.

"'कामात उत्साह नाही, वरिष्ठांशी हुज्जत घालतो.' दोन ओळी. सहा वर्षं प्रमोशन अडलं आणि कशामुळं ते कुणी सांगेना. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, कागद हातात आला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. पुढचं मी घरी सांगितलं नाही. त्याच साहेबानं मला आणखी दोन वर्षं लटकवलं, हक्काची भाषा केली म्हणून. जाता-येता म्हणायचा, काय हिवराळे, आज कुठला कागद वाचायचाय?" त्यानं टॉवेल मुठीत पिळला. "खुर्चीवरच्या माणसाला हक्क दाखवला की तो काय करतो, हे मला माहीत आहे, बाबा. माझी पोरगी मी तशी लटकू देणार नाही. मी जातो मॅडमकडे, माफी मागतो."

"मी येते," तनुजा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. अमृताची आई भांडणात सहसा पडत नसे. "पाया पडायला लागलं तरी पडीन."

"पाया पडणं या घरात बंद झालंय," मोतीराम गरजले.

"घरात झालंय, बाबा. कॉलेजात नाही झालं."

अमृता मधोमध उभी होती, हातात फोन, आणि तिच्या आयुष्याबद्दल चार माणसं तिच्या डोक्यावरून बोलत होती.

"माझं चाललंय ना हे?" ती म्हणाली. "मग मला पण विचारा की कुणी."

तिला कुणी विचारायच्या आत भामाबाई बोलल्या. त्या भिंतीला पाठ लावून लसूण सोलत होत्या आणि आत्तापर्यंत त्यांनी एक शब्द काढला नव्हता. कागदांच्या बैठकीत त्या कधीच बोलत नसत. नवऱ्यानं शिकवलेली सही त्यांना येत होती, बाकी अक्षरांशी त्यांनी दोस्ती केली नव्हती. पण मुलींच्या होस्टेलात बावीस वर्षं झाडलोट करताना भामाबाईंनी प्राध्यापक बाया जवळून बघितल्या होत्या. त्या कशावर चिडतात, चिडल्यावर काय करतात, रडायचं असलं की कुठल्या खोलीचं दार लावतात, सगळं बघितलं होतं.

"त्या बाईला तुजा कागद कवा गेला?" त्यांनी विचारलं.

"महिना झाला, आजी."

"आन् हक्काचं तिला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. लिंक उघडली की पहिल्यांदा तेच दिसतं."

"मंग राग आलेली बाई महिनाभर गप कामून बसली?" भामाबाईंनी पाकळी ताटलीत टाकली. "राग आला की त्याच दिवशी फोन करती बाई. वरडती. ही आज सकाळी बोलली, येळ संपायला आल्यावर. हिला राग नाय आला. हिला कायतरी अडलंय. तुमी दोगं बाप-लेक हक्कावरून भांडायलाव, पर तिला कुणी इचारलं का, बाई, अडलं काय तुजं?"

राजकुमारनं वडिलांकडं बघितलं, मोतीरामनी खिडकीबाहेर. आठ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"मी जाते," अमृता म्हणाली. "हक्क सोडणार नाही. पाया पडणार नाही. आणि पत्र घेतल्याशिवाय येणार नाही."

"मी येतो," राजकुमार म्हणाला.

"दाढी पुरी करा आधी."

मोतीराम मागून ओरडले, "आन् ती इंग्रजीत लिव्हल ते मला मराठीत सांग. नायतर तुजी गोष्ट छापती इंग्रजीत, मला दावतीस निस्तं नाव!"

स्कूटी अमृता चालवत होती. मागे राजकुमार कडक इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर तिच्या सगळ्या कागदांची फाइल. ती कशाला घेतली हे त्यालाही सांगता आलं नसतं, पण फाइलशिवाय त्याला कुठल्याही दारात उभं राहता येत नसे. छावणीतून थंडी अंगावर येत होती. नगर नाक्याच्या सिग्नलला तो तिच्या कानाशी आला.

"तिथं मी बोलतो. मला सवय आहे."

"नाही पप्पा. तुम्ही फक्त बसायचं."

"बरं. एकदा सॉरी म्हणून..."

"म्हणायचं नाही."

"बरं."

"नुसतं बरं नको. शब्द द्या, मी बोलत असताना मध्ये बोलणार नाही."

सिग्नल सुटला. बाबा पंप गेला, क्रांती चौक गेला, तरी त्यानं शब्द दिला नव्हता. उस्मानपुऱ्यात मॅडमच्या बिल्डिंगखाली गाडी स्टँडवर लावताना तो म्हणाला, "दिला."

अमृताला खरी भीती आता वाटली. घरात पाच जणांपुढं तिनं मोठ्या तोंडानं तीन प्रतिज्ञा केल्या होत्या. पण ही तीच बाई होती जिनं एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी वर्ग सुटल्यावर तिला थांबवून सांगितलं होतं, लिहीत राहा, सोडू नकोस. हे वाक्य तिला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. कारखान्यात हेल्मेट घाला, हात मशीनपासून दूर ठेवा असलं इंग्रजी लिहिताना ती त्या वाक्यावर तगली होती. आणि आता त्याच बाईशी भांडायचं होतं.

शैला मॅडमनी दार उघडलं. अंगावर स्वेटर, केस न विंचरलेले. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून त्या एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या होत्या.

"लिंक बदललीस?"

"नाही मॅडम."

"मग आलीस कशाला?" असं म्हणून त्यांनी दार मात्र पुरं उघडलं. "या. बसा तुम्ही. वडील ना?"

पाणी आलं, काचेच्या ग्लासात, तिघांना सारखंच. राजकुमारनं ते बघितलं. तो नेहमी बघत असे, आणि बघितल्याचं कुणाला कळू देत नसे.

"मी शंभरावर मुलांना पत्रं दिली आहेत," मॅडम म्हणाल्या. "माझ्या पत्रावर मुलं जर्मनीला गेली, कॅनडाला गेली. कुणी मागितलं नाही वाचायला. तुलाच काय असं वाटलं, की मी तुझ्याबद्दल वाईट लिहीन?"

"वाईट लिहिलंत तरी चालेल. खरं असलं की झालं. मी वाचेन एवढंच." अमृतानं ग्लास खाली ठेवला. "मॅडम, तुम्हाला राग आला असता तर तुम्ही महिन्यापूर्वीच ओरडला असता. वर्गात पुस्तक विसरलं तरी तिथल्या तिथं ओरडायचात. तुमचं काय अडलंय?"

मॅडम उठल्या, टेबलावरचा लॅपटॉप उघडला आणि दोघांकडं वळवला. पडद्यावर एक पत्र होतं. पहिल्या ओळीत नावाची जागा रिकामी होती.

"हे माझं पत्र. एकच आहे. नाव बदलते, मुलगा असला तर शी इजचं ही इज करते. हुशार, मेहनती, नम्र. शंभर जणांना हेच गेलं. वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून चाललं." त्या कोरडं हसल्या. "तुझं नाव घातलं आणि नम्र वाचलं. मलाच हसू आलं. तू हे वाचणार, म्हणजे हे चालणार नाही. मग खरं लिहायला बसले. तीनदा बसले या महिन्यात. खरं लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागते आणि ती मी तुला कधी सांगितलेली नाही. ती वगळून लिहिलं की पुढचं वाक्य येत नाही. म्हटलं, तू हक्क सोडलास तर सुटले. जुनंच पाठवून देईन."

"कुठली गोष्ट?"

"बोलून सांगत बसले तर वेळ जाईल. लिहिते. चहा विचारत नाही, राग मानू नका," हे राजकुमारला. नऊ चाळीस झाले होते. त्यांनी पाठ केली आणि टाइप करायला लागल्या.

राजकुमार फाइल मांडीवर घेऊन त्या पाठीकडं बघत बसला. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्याबद्दल लिहिलं गेलं ते सगळं बंद दारांमागं. लिहिणाऱ्याची पाठ त्यानं आज पहिल्यांदा पाहिली. ती थांबत होती, मान खाली घालत होती, लिहिलेलं खोडत होती. इतका वेळ कुणी आपल्यावर खर्च केला नसेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला त्या दोन ओळींच्या साहेबाचा नव्यानं राग आला. घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवून त्यानं ते सात वेळा बघितलं.

दहा वाजून अकरा मिनिटांनी मॅडमनी खुर्ची फिरवली.

"मधला परिच्छेद वाचून दाखवते. मराठीत सांगते, तुमच्यासाठी. बाकीचं ती वाचेल." त्यांनी चष्मा नीट केला. "एम.ए.च्या पहिल्या वर्षी अमृतानं प्रकल्प म्हणून एक कथा दिली. शहराच्या वस्त्यांना आळीपाळीनं पाणी सोडणाऱ्या वॉल्व्हमनची. मला ती तिची वाटली नाही. पडेगावहून बसनं येणारी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली ही मुलगी असं इंग्रजी लिहील, हे मला पटलं नाही. मी कबूल करते की तिच्या आडनावाचाही त्यात भाग होता. ती कथा कुठून उचलली असेल हे मी दोन दिवस शोधलं. ती कुठंच सापडली नाही. तरीही मी तिला शंभरपैकी एकेचाळीस गुण दिले आणि कारण लिहिलं नाही. पुढच्या वर्षी वर्गात माझ्या डोळ्यांसमोर तिनं तासाभरात त्याच ताकदीची दोन पानं लिहिली, तेव्हा मला माझी चूक कळली. ती मी तिला सांगितली नाही. छत्तीस वर्षांत विद्यार्थ्याचं लेखन छापील लेखकाचं असावं असं मला एकदाच वाटलं, ते हे."

अमृताला तो आकडा तोंडपाठ होता. एकेचाळीस बघून ती ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती आणि आपल्याला लिहिता येत नाही हे तिनं मुकाट्यानं मान्य केलं होतं. त्यानंतर अकरा महिने तिनं एक गोष्ट लिहिली नव्हती. वर्गातली ती दोन पानं लिहिली कारण उठून जाता येत नव्हतं. आणि ज्या वाक्यावर ती तगली, ते 'लिहीत राहा', ते या बाईनं आपलं मन हलकं करायला म्हटलं होतं. तिला संताप आला. तोंडावर काहीतरी फेकावं इतका संताप. आणि त्याच वेळी आपली कथा दोन दिवस शोधूनही सापडली नाही, याचा असा आनंद झाला की तिला रडू फुटलं. तिनं डोळे पुसले नाहीत.

"जुनं पत्र तयार आहे," मॅडम म्हणाल्या. "तू नाही म्हणालीस तर हे खोडते आणि ते लावते. त्यानंही काम होईल. तिकडचे लोक काय समजतील मला माहीत नाही. तुझ्या गुणपत्रिकेत तो आकडा आहे, ते बघतील, हे वाचतील. माझं काय व्हायचं ते होवो, तुझं नुकसान नको. सांग. दहा सतरा झालेत."

राजकुमार उठून उभा राहिला होता. आपण कधी उठलो हे त्याला कळलं नव्हतं. फाइल खाली पडली होती, दहावीपासूनचे कागद फरशीवर पसरले होते, आणि त्याच्या तोंडाशी इतकं काही आलं होतं की त्यातलं एक जरी बाहेर पडलं असतं तरी साडेदहाच्या आत आवरलं नसतं. सकाळी आपण या बाईची माफी मागायला निघालो होतो, हेही त्याला आठवलं. पण शब्द दिला होता. तो मुलीकडं बघत राहिला.

"ठेवा," अमृता म्हणाली. "एक शब्द काढू नका. पाठवा."

मॅडमनी मान हलवली आणि खुर्ची वळवायला घेतली.

"थांबा मॅडम," राजकुमार म्हणाला. मुलीचं बोलून झालं होतं, आता त्याची पाळी होती. "किती द्यायला पाहिजे होते?"

"काय?"

"मार्क. एकेचाळीसच्या जागी."

मॅडमनी चष्मा काढला. शंभरावर पत्रं लिहिलेल्या बाईला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी अमृताकडं बघितलं, मग फरशीवर पसरलेल्या गुणपत्रिकांकडं, आणि खरंच विचार केला.

"ब्याऐंशी," त्या म्हणाल्या. "ब्याऐंशी द्यायला हवे होते."

"मग तो आकडा घाला पत्रात," राजकुमार म्हणाला. "अंकी लिहा आणि अक्षरीसुद्धा."

मॅडमनी दोन्ही लिहिलं, आणि पत्र दहा वाजून तेवीस मिनिटांनी गेलं.